कारण माहीत असलं की अक्कल चालते

घरात गॅसचा वास आला तर खिडक्या उघडायच्या, हे कुणालाही विचारा, शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण खिडकीच्या आधी काय करायचं, एक्झॉस्ट फॅन लावायचा की नाही, असं पुढे विचारलं की उत्तरं अडखळतात. बरेच जण बिनधास्त सांगतात, फॅन लावा म्हणजे वास लवकर जाईल. घात होतो तो नेमका इथेच. खटका दाबताना आत बारीक ठिणगी उडते आणि साठलेल्या गॅसला तेवढी पुरते.

कॉमन सेन्स ही जन्मजात मिळणारी गोष्ट आहे, कुणाकडे असते आणि कुणाकडे नसते, असं आपण सहज म्हणून जातो. मला ते पटत नाही. नियम सगळ्यांनाच पाठ असतात, त्यामागचं कारण थोड्यांना माहीत असतं. आणि प्रसंग कधीच पाठ केलेल्या नियमाच्या मापाने येत नाही, जरा वेगळाच येतो. तेव्हा ज्याला कारण ठाऊक आहे तोच बरोबर वागतो. म्हणून मुंबईतल्या रोजच्या जगण्यातल्या काही गोष्टी इथे कारणांसकट लिहितो.

गॅसपासूनच सुरू करू, कारण मुंबईत एकाच बिल्डिंगमध्ये काही घरांत सिलिंडर असतो आणि काही घरांत पाइपचा गॅस. दोन्हींना वास सारखाच येतो, कारण मुळात या गॅसना वास नसतो आणि गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. पण दोघांची चाल उलटी. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड, दीडपट ते दुपटीच्या आसपास. तो गळाला की पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, ओट्याखाली, कपाटाच्या तळाशी, मोरीच्या खळग्यात साचतो. वरची झडप उघडून तो जात नाही, त्याला जमिनीलगत वाट लागते. दार उघडा, बाल्कनीचा दरवाजा उघडा. पाइपमधला पीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा, म्हणून छताकडे चढतो. तिथे खिडकीचा वरचा भाग आणि वरची झडप कामाची. पोटमाळा असलेल्या घरात तो माळ्यावर जमतो, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला वाटतं वास कमी झाला.

दोन्हीत क्रम एकच. ज्योत असेल तर बंद. सिलिंडर असेल तर रेग्युलेटर बंद करून काढायचा आणि वॉल्व्हवर प्लॅस्टिकची सेफ्टी कॅप दाबून बसवायची. ही कॅप सिलिंडरला दोरीने बांधलेली येते, आणि नवा सिलिंडर लावताना आपण ती दोरी कापून कॅप कुठेतरी ड्रॉवरमध्ये टाकतो. तसं करू नका. वॉल्व्हमधूनच गळती होत असेल तर त्या क्षणी हाताशी असलेली ती एकमेव गोष्ट असते. पाइपचा गॅस असेल तर शेगडीजवळचा आणि त्याच्या मागचा मुख्य कॉक बंद करा. दांडी पाइपच्या रेषेत असेल तर चालू, आडवी असेल तर बंद. त्यानंतर दारं-खिडक्या, आणि विजेचा एकही खटका चालूही करायचा नाही, बंदही करायचा नाही. बंद करतानाही ठिणगी पडते, ही गोष्ट माणसं विसरतात. डोअरबेल हाही खटकाच. शेजाऱ्याला हाताने दार वाजवू द्या. फ्रिजचा कॉम्प्रेसर तर आपोआप चालू-बंद होत असतो, त्यामुळे स्वयंपाकघरात घुटमळत बसू नका. मीटर तळमजल्यावर असेल तर तिथून त्या घराची वीज तोडता येते. फोन घराबाहेर जाऊन करायचा, सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६, पाइपच्या गॅससाठी गॅस कंपनीचा आपत्कालीन नंबर.

गळती बहुतेक वेळा नवा सिलिंडर लावताना सुरू होते. वॉल्व्हच्या तोंडात काळ्या रबराची बारीक रिंग असते, ती चिरलेली किंवा जागेवर नसली की रेग्युलेटर कितीही घट्ट बसवा, गॅस सुटतोच. सिलिंडर आणणाऱ्या माणसाला थांबवा, कॅप काढून वॉल्व्हवर चार थेंब पाणी टाकायला सांगा. बुडबुडा आला तर सिलिंडर परत. रेग्युलेटर लावल्यावर साबणाचं पाणी जोडांवर लावा. काडीपेटीने तपासणारे अजून आहेत, त्यांना हात जोडून थांबवा. त्याच वेळी वजनही बघून घ्या. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्याचं वजन. कड्याला आधार देणाऱ्या पट्ट्यांवर आतल्या बाजूने बी-२७ असं काहीतरी असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, तसंच पुढे, आणि आकडा वर्षाचा. ती सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत, ती उलटून गेलेला सिलिंडर घेऊच नका. केशरी रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची. वरून नवी दिसली तरी बदलायची, कारण रबर आतून कडक होतं आणि रेग्युलेटरच्या तोंडापाशी चिरतं.

आता तिसरा गॅस, आणि माझ्या मते घरातला सगळ्यांत फसवा. बाथरूममधल्या गॅस गीझरला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, पाय लुळे पडतात आणि माणूस कडी उघडायच्या आत कोसळतो. इथे ‘वास आला तर’ हा नियम काहीच कामाचा नाही. वास नाही म्हणून धोका नाही असं समजणाऱ्याला तो नियमच फसवतो. गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत नकोच. बाहेर हवेशीर जागी बसवून फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्यायचा. तोवर पाणी बादलीत काढून घ्या, गीझर बंद करा आणि मगच आंघोळीला जा. ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसायला लागली तर तंत्रज्ञ येईपर्यंत तो वापरू नका.

ओट्यावरची दुसरी आग तेलाची. तळणीच्या कढईतून धूर यायला लागला की तेल पेटायच्या वाटेवर आहे, तिथेच आच बंद करायची. पेटलंच तर हात आपोआप पाण्याच्या भांड्याकडे जातो. आग म्हणजे पाणी, हा लहानपणापासूनचा धडा. पण पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला जातं आणि क्षणात वाफ होऊन सतराशे पट फुगतं. ती वाफ पेटतं तेल छतापर्यंत उडवते. आच बंद करा, कढईपेक्षा मोठं ताट किंवा झाकण आपल्या बाजूकडून पुढे सरकवत कढईवर बसवा आणि तसंच राहू द्या. पाच मिनिटांनी उचलून बघायचा मोह होतो. बघू नका, तेल अजून तापलेलं असतं आणि हवा मिळाली की पुन्हा भडकतं. कढई उचलून बाल्कनीत किंवा मोरीत नेऊ नका. भाजलं तर वीस मिनिटं साधं गार पाणी. नळाला पाणी नसेल तर बादलीतून तांब्याने ओतत राहा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. कातडीत शिरलेली उष्णता बाहेर काढायची आहे, ती झाकून ठेवायची नाही.

विजेचं गणित एका ओळीचं आहे. वॉट भागिले २३० म्हणजे अँपिअर. दोन हजार वॉटचा गीझर जवळपास ९ अँपिअर ओढतो, म्हणून त्याला १६ अँपिअरचा मोठा प्लग. साधा प्लग ६ अँपिअरचा, म्हणजे त्यातून १३८० वॉटपेक्षा जास्त ओढायचं नाही. आता एकाच एक्स्टेंशन बोर्डवर हजार वॉटची इस्त्री आणि दीड हजारांची किटली लावली की झाले ११ अँपिअर. बोर्डाला चार भोकं आहेत म्हणजे चार वस्तू चालतील असं वाटतं, पण भिंतीतून येणारी वायर एकच असते. प्लग कोमट लागला, प्लॅस्टिक पिवळं पडलं, जळका वास आला, तर ती वायर आधीच शिजतेय असं समजा. जुन्या चाळींत आणि पागडीच्या घरांत वायरिंग पंखा, दिवा, रेडिओच्या हिशोबाने केलेलं होतं, त्यावर आज एसी चालतो. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा पॅनेलमधला खटका, पडला की लगेच वर करणारे लोक आहेत. पुन्हा पडला की पुन्हा वर, आणि तरी पडला की इलेक्ट्रिशियनला सांगून मोठ्या अँपिअरचा बसवून घेतात. हे सरळ आगीला आमंत्रण. एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असतो. तो मोठा केला की वायर जळेपर्यंत तो गप्प बसतो.

आणि एमसीबी माणसाला वाचवत नाही, हे फार थोड्या घरांत माहीत असतं. माणसाचा जीव जायला एका अँपिअरचा लहानसा भाग पुरतो, एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो तोडतो. पॅनेलमध्ये बघा, त्याच्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबायचं, खटकन पडला पाहिजे. नाही पडला तर तो फक्त शोभेला आहे. कुणाला शॉक लागून माणूस चिकटला असेल तर धावत जाऊन ओढू नका, आधी मेन बंद करा. मेन जवळ नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकच्या स्टुलाने वायर दूर करा. मोपाचा दांडा आता बऱ्याच घरांत स्टीलचा असतो, हे लक्षात असू द्या.

पावसाळ्यात मुंबईकराच्या अकलेची खरी परीक्षा लागते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरच्या आसपास. एकाच शहरात. ‘इथे तर काही नाही’ या वाक्यावर भरवसा ठेवून फोर्टमधून अंधेरीला निघणं म्हणूनच धोक्याचं. निघण्याआधी पोचायच्या ठिकाणी काय चाललंय ते विचारा, आपल्या खिडकीबाहेर काय चाललंय ते पुरेसं नाही.

दुसरी गोष्ट भरतीची. आपल्या नाल्यांची तोंडं समुद्रात उघडतात आणि मोठ्या भरतीला समुद्राची पातळी त्या तोंडांच्या वर जाते. पाणी उलटं शहरात येऊ नये म्हणून ठिकठिकाणी दरवाजे बंद करून पावसाचं पाणी पंपाने बाहेर फेकावं लागतं. हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंद इथली पंपिंग स्टेशनं त्याचसाठी आहेत. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पंप कमी पडतात आणि हिंदमातासारख्या खोलगट जागा भरतात. पण भरती-ओहोटीला वेळापत्रक असतं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती पन्नासेक मिनिटं उशिरा. पेपरात छापून येतं, पालिकाही सांगते. दुपारी एकची भरती असेल तर साडेबाराला ऑफिसमधून पळत सुटण्यापेक्षा चारपर्यंत तिथेच थांबणं शहाणपणाचं. पाऊस तेवढाच असला तरी पाण्याला जायला वाट मिळालेली असते. या एका सवयीने जितका त्रास वाचतो तितका महागड्या गमबुटांनी वाचत नाही.

चालत निघालाच तर तुंबलेल्या पाण्यात जिथे भोवरा दिसतो तिथे खाली उघडं तोंड आहे. २९ ऑगस्ट २०१७ ला डॉ. दीपक अमरापूरकर यांच्यासारखे नामवंत डॉक्टर पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून वारले. पाणी लवकर ओसरावं म्हणून मॅनहोलचं झाकण काढणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण तो खड्डा दहा पावलांवरूनही दिसत नाही. झाकणाला हात लावू नका. तुंबलं असेल तर पालिकेला १९१६ वर कळवा. रस्त्याच्या कडेने न जाता मधल्या दुभाजकाच्या जवळून चाला, हातात छत्री असेल तर मिटून पुढचं पाऊल चाचपा. विजेच्या खांबांपासून आणि फुटपाथवरच्या लोखंडी पेट्यांपासून लांब राहा. पायाला जखम असताना त्या पाण्यातून चालला असाल तर लेप्टोच्या, म्हणजे उंदरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या जंतूंच्या तापाच्या, प्रतिबंधक गोळीसाठी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. ताप येण्याची वाट बघू नका. आणि ती गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका, गरोदर बाईला आणि लहान मुलांना ती चालत नाही.

गाडीत असाल तर मिलन, अंधेरी, खार अशा सबवेच्या तोंडाशी पाणी दिसताच वळा. पुढची टॅक्सी गेली म्हणून आपली जाईलच असं नाही, तिचं इंजिन हवा कुठल्या उंचीवरून घेतं ते आपल्याला ठाऊक नसतं. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करू नका. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, आतला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च लाखाच्या घरात जातो. पण खर्च ही नंतरची गोष्ट. पाणी चढतंय असं दिसलं की पहिल्यांदा काचा खाली करा, कारण वीज गेली की त्या हलणार नाहीत. दारं उघडतील या भरवशावर बसू नका. दाराच्या बाहेर अर्धा मीटर पाणी असेल तर एक मीटर रुंद दारावर सव्वाशे किलोच्या आसपास दाब येतो, आतून खांद्याने ढकलून ते उघडत नाही. बेल्ट सोडा, काच खाली, आधी मुलं बाहेर, मग आपण. काच अडकली तर सीटवरची डोकं टेकायची उशी उपसून तिच्या लोखंडी दांड्याने बाजूच्या काचेचा कोपरा फोडा. मधोमध मारू नका, तिथे काच लवचिक असते. पुढची काच दोन थरांची आहे, ती फुटून मोकळी होत नाही, तिच्यामागे वेळ घालवू नका.

फोनवरच्या फसवणुकीत कारण अजून सोपं आहे. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला किंवा शिल्लक बघायला लागतो, पैसे येण्यासाठी कधीच नाही. ‘पैसे मिळवायला क्यूआर स्कॅन करा’ हे वाक्य त्यामुळे आपोआप खोटं ठरतं. ‘चुकून तुम्हाला पाच हजार आले, परत पाठवा’ असा फोन आला तर मेसेज बघू नका, बँकेच्या अॅपमध्ये शिल्लक बघा. खरोखर आले असतील तरी परस्पर पाठवू नका, त्याला त्याच्या बँकेत तक्रार करू द्या. रात्री साडेनऊला वीज तोडणार असा मेसेज आला की आधी आपली कंपनी कोणती ते आठवा. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा, महावितरण, ज्याच्या-त्याच्या भागाप्रमाणे. मेसेजमध्ये तुमचा ग्राहक क्रमांक नसतो, पण एक मोबाइल नंबर मात्र असतो, ही खूण पुरेशी आहे. व्हॉट्सअॅपवर वाहतूक दंडाच्या चलनाच्या नावाने आलेली एपीके, म्हणजे फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल उघडायची नाही. *४०१* ने सुरू होणारा नंबर डायल करायला सांगितलं तर तुमचे फोन दुसरीकडे वळवले जातात, आणि फोनवर येणारा ओटीपीही तिकडेच जातो. चुकून डायल केलंच तर ##००२# दाबा. आणि ‘डिजिटल अटक’ असली कुठलीही गोष्ट कायद्यात नाही. कोणताही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही.

तरीही शिकलेली, हुशार माणसं फसतात, कारण समोरचा आपल्याला विचार करायला वेळच देत नाही. फोन ठेवू नका, कुणाला सांगू नका, पंधरा मिनिटांत करा. यातलं एक जरी वाक्य ऐकू आलं तरी फोन कापायचा, घरातल्या कुणाला तरी मोठ्याने सगळं सांगायचं, आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन करायचा. मोठ्याने सांगताना आपल्यालाच त्यातला फोलपणा ऐकू येतो. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० ला कळवा. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतो, पहिल्या तासात तो अडवता येण्याची शक्यता सगळ्यांत जास्त.

दोन बारीक गोष्टी. लिफ्ट मध्येच अडकली तर गुदमरायची भीती बाळगू नका, हवेला झडपा असतात. धोका असतो तो दार ताणून अर्ध्यातून उडी मारण्यात. पाय घसरला तर लिफ्टच्या खालच्या मोकळ्या खड्ड्यात पडायला होतं. अलार्म दाबा आणि बसून राहा. तापाची गोळी आणि सर्दीची गोळी एकत्र घेताना पाकिटामागचं वाचा. दोन्हींत पॅरासिटामॉल असू शकतं, आणि मोठ्या माणसाला दिवसभरात ४ ग्रॅमच्या वर ते यकृताला झेपत नाही. वजन कमी असेल, दारू असेल, यकृताचं दुखणं असेल तर त्याहूनही कमी.

आता सगळ्यांत जास्त राहून जाणारी गोष्ट. हे सगळं घरातल्या ज्या माणसाला माहीत असतं, तो दिवसाचे दहा-बारा तास घराबाहेर असतो. दुपारी घरात आजी-आजोबा असतात, स्वयंपाकाच्या मावशी असतात, शाळेतून आलेली मुलं असतात. गॅसचा वास त्यांना येणार, शॉक त्यांच्यासमोर लागणार. एका रविवारी अर्धा तास काढा. ११२, आगीसाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८, १९०६ आणि १९१६ हे नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, फ्रिजवर नको, कारण गॅस गळल्यावर स्वयंपाकघरात जायचं नाही. मग मावशींना आणि आजींना पॅनेलपाशी न्या आणि मेन स्विच (शॉकच्या वेळी लागणारा, गॅस गळताना नव्हे) त्यांच्याच हाताने बंद-चालू करवून घ्या. नुसतं दाखवून भागत नाही. जुने खटके घट्ट असतात, म्हाताऱ्या बोटांना ते दाबले जात नाहीत, आणि पॅनेल बहुतेक घरांत दाराच्या चौकटीच्याही वर बसवलेलं असतं. हात पोचत नसेल तर लाकडी स्टूल त्याच्या खालीच कायमचं ठेवा.